दारू पिणाऱ्या वडिलांवर घरच्या घरी डॉक्युमेंटरी करायची असेल तर

वडिलांकडून कबुली काढून घेण्यासाठी फिल्म करू नये. हे सुरुवातीलाच सांगायला हवं, कारण खुर्ची कुठे मांडायची, कोणता प्रश्न आधी विचारायचा, रफ कट (फिल्मची पहिली कच्ची जुळणी) आधी कोणाला दाखवायचा हे सगळं त्यावरच ठरतं. कबुलीसाठी बसवलेला माणूस एकतर ‘झालं गेलं, आता कशाला उकरता’ म्हणून गप्प होतो, नाहीतर तासभर स्वतःची बाजू मांडत राहतो. एडिटिंगला बसल्यावर दोन्हींतून हाती काही लागत नाही. शूटिंग आटोपलं की मुलगा किंवा मुलगी पुण्याला, बंगळूरला परत जाते. त्या घरात, त्या माणसासोबत आई उरते, आणि फिल्ममुळे बिघडलेल्या संध्याकाळी तिला एकटीला काढाव्या लागतात.

त्यामुळे फिल्मकडून मागायचं ते एवढंच: काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं आणि घरातल्या प्रत्येकाला ते कसं दिसलं.

कागद आधी, कॅमेरा नंतर

इंदूरच्या मिल क्षेत्रातल्या घरांत, मराठी असोत की हिंदी भाषक, वडिलांच्या दारूची हकीकत बहुतेक ठिकाणी एकच ऐकायला मिळते: मिल बंद पडली आणि बाबा प्यायला लागले. इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांच्या थकलेल्या रकमेचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. मधली ३२ वर्षं घरोघरी काय चाललं होतं, हे नोंदवून ठेवायलाच हवं. मात्र तुमच्या घरात दारू आधी आली की टाळं आधी लागलं, हे तपासल्याशिवाय ती हकीकत निवेदनात घालू नका.

तपासायची रीत साधी आहे. मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: घर, पैसा, शहर. मग पेटी, माळा, देवघराखालचा खण, आईच्या कपाटातली साड्यांखालची पिशवी असं सगळं उपसून काढा. पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, पीएफच्या पावत्या, रेशनकार्ड, पासबुकं, भिशीची वही, सराफाकडे दागिना गहाण ठेवल्याच्या चिठ्ठ्या, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याचे डिस्चार्ज कागद. प्रत्येकाची तारीख आपापल्या रकान्यात लिहा. गहाणाची पहिली चिठ्ठी १९८७ ची निघाली, तर मिल चालू असतानाच घरातून पैसा गळत होता हे उघड होतं. पासबुकात १९९२ पर्यंत दर महिन्याला थोडी बचत दिसत असेल आणि नंतर ती आटली असेल, तर घरातली हकीकत बरीचशी खरी आहे. या दोन घरांच्या दोन वेगळ्या फिल्मा होतील.

कागदालाही मर्यादा असते. स्लिपवर ओव्हरटाइम दिसतो, त्यातलं घरी किती पोचलं ते दिसत नाही. ते आईला विचारावं लागतं, आणि तिला ते सहसा रुपयांसकट आठवतं.

प्रत्येक कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता दोन्ही बाजूंनी टिपा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे कॉम्प्युटर त्या आपोआप क्रमाने लावतो. कोर्टात प्रकरण चाललं असेल, तर आदेशाची प्रमाणित प्रत नक्कल शाखेतून मिळते. तिथे प्रकरण क्रमांक आणि वर्ष लागतं, म्हणून वकिलाची जुनी पत्रं टाकून देऊ नका.

कॅसेटी आणि फोटो थांबत नाहीत

घरात लग्नाची, मुंजीची व्हीएचएस कॅसेट असेल, तर तिचं काम मुलाखतींच्याही आधी करा. शेवटची व्हीसीआर बनवणाऱ्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता चालणारी मशिनं कमी आणि ती दुरुस्त करणारे त्याहून कमी आहेत. पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून आत पाहिल्यावर टेपच्या गुंडाळीवर पांढरट पूड किंवा जाळी दिसली, तर ती कॅसेट मशिनमध्ये घालूच नका. मशिनचे हेड (टेप वाचणारे भाग) चोंदतात आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. अशी टेप हे काम करणाऱ्या माणसाकडे द्यावी.

टेप स्वच्छ दिसत असेल, तर आधी कडेची रेकॉर्डिंगची टिकली मोडून काढा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. मग टेप पूर्ण पुढे पळवा, पूर्ण मागे आणा आणि नंतरच प्ले करा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो. तीन तासांच्या टेपला कॉपी करायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. टेप कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चरमध्ये हमखास अडचण येते ती आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकण्याची. जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो, कॅप्चर मधल्या फ्रेम गाळतं आणि आवाज मात्र सलग चालू राहतो. मधे टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) लावला की हे थांबतं. तो मिळाला नाही, तर एखाद्या जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल पुढे नेल्यानेही पुष्कळदा भागतं.

आपल्याकडची टेप पाल पद्धतीची असते: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस (म्हणजे एकाआड एक ओळींत विभागलेलं चित्र). ती तशीच मूळ रूपात साठवा आणि डीइंटरलेस (त्या ओळी एकत्र करणं) फक्त एडिटिंगच्या प्रतीवर करा. मूळ चित्र चार-तीन आहे, ते ताणून सोळा-नऊ करू नका. आजोबा रुंद आणि बुटके दिसायला लागतात. मिनीडीव्ही (लहान डिजिटल कॅसेट) असेल तर फायरवायर केबलने घ्या. त्यात दर्जा मुळीच कमी होत नाही, तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

लग्नाच्या व्हिडिओत शूटिंगवाल्याने बहुधा मूळ आवाज पुसून फिल्मी गाणी चढवलेली असतात. न कापलेली मूळ टेप त्या काळच्या फोटोग्राफरकडे किंवा एखाद्या आत्याकडे आहे का, हे जरूर विचारा. आणि टेप पाहताना नवरानवरीकडे पाहू नका, मागे पाहा. पंगतीत वाढणारे बाबा, आचाऱ्याशी हुज्जत घालणारे, कोपऱ्यात उभे राहून कोणाची तरी वाट पाहणारे. कॅमेरा आपल्याकडे आहे हे माहीत नसलेले ते दहा सेकंद स्टेजवरच्या तासाभरापेक्षा जास्त सांगतात.

ऑडिओ कॅसेटमध्ये आवाज दबका येत असेल, तर प्लेअरच्या हेडचा लहान स्क्रू किंचित फिरवून आवाज सर्वांत खणखणीत येईल तिथे ठेवा. टेपगणिक ही जागा बदलते. कॅसेटच्या आतली स्पंजची गादी निखळलेली असेल, तर टेप हेडला नीट टेकत नाही. एखाद्या निकामी कॅसेटची गादी काढून तिथे बसवता येते.

चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की लांब बाजूला ३,६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे फोर-के चौकटीला जवळपास पुरतात. एखाद्या चेहऱ्यावर झूम करायचं असेल किंवा फोटो पासपोर्टचा असेल, तर १,२०० किंवा अधिक घ्या. निगेटिव्हला २,४०० च्या खाली जाऊ नका. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो बोटांनी ओढला तर फाटतो. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा चालवला की सुटतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करा. मागची बाजूही स्कॅन करायची: स्टुडिओचा शिक्का, तारीख, कोणाच्या तरी अक्षरातली ओळ तिथेच असते.

संमती एकदा घेऊन भागत नाही

सही तीनदा घ्यावी: शूटिंगआधी, मुलाखतीनंतर आणि रफ कट पाहिल्यानंतर. पहिल्या वेळी आपण काय बोलणार आहोत हेच माणसाला ठाऊक नसतं, त्यामुळे त्या सहीला फारसा अर्थ नसतो. कागद एका पानाचा, साध्या मराठीत, आणि त्यात चार गोष्टी हव्यात: फिल्म कशाबद्दल आहे, कुठे दाखवली जाईल, काय दाखवायचं नाही असं त्यांनी सांगितलं आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत नकार देता येईल. तीच वाक्यं कॅमेऱ्यासमोर वाचून त्यांचं उत्तर रेकॉर्ड करा.

बाबा प्यालेले असताना घेतलेली संमती ही संमती नव्हे, आणि त्या अवस्थेतली मुलाखतही घेऊ नये. रोज पिणाऱ्या बहुतेकांचा दिवसात एक स्थिर वेळ असतो, बरेचदा सकाळचं आवरल्यानंतर आणि जेवणाआधी. तो कोणता हे आईला विचारा आणि फक्त त्या वेळात काम करा.

याच्या उलट एक गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. शूटिंगपुरते चार दिवस पिऊ नका, असं त्यांना कधीही सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भास, घाम, ताप, अंगाला कंप अशी डेलिरियम ट्रेमेन्सची अवस्था येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. दारू सोडायची ठरवली असेल, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६, महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२. हे आकडे शूटिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घरात आजही मारहाण होत असेल, तर फिल्म थांबवा. आईला आधी सुरक्षित जागा हवी, घरगुती हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याची मदत हवी. मुलाखत त्यानंतर कधीतरी होईल किंवा होणार नाही. भांडण पेटल्यावर कॅमेरा चालू ठेवायचा मोह होतो. तो खाली ठेवून मधे पडणारा दुसरा माणूस घरात आहे का, हे शूटिंगच्या आधीच ठरलेलं असावं. चोरून रेकॉर्डिंग मुळीच करू नये; घरातला विश्वास एकदा गेला की उरलेली फिल्म कोणी करू देत नाही.

आता ‘मला आठवत नाही’ या उत्तराबद्दल. मुलांना ते खोटं वाटतं, आणि कधीकधी ते खोटं असतंही. पण खूप दारू चढलेली असताना माणूस चालतो, बोलतो, भांडतो आणि तरीही मेंदूत त्याची कायमची नोंद होत नाही. त्या रात्रीची आठवण नंतर विसरलेली नसते, ती तयारच झालेली नसते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व फार कमी झालं, तर स्मरणशक्तीचा आजारही जडतो. त्यात माणूस रिकाम्या जागा कल्पनेने भरतो आणि त्याला स्वतःला ते खरंच घडलं असं वाटतं. म्हणून बाबांच्या उत्तरावर त्यांना कॅमेऱ्यासमोर खोटं पाडण्यात काही मिळवायचं नाही. त्या रात्रीबद्दल आई, शेजारच्या काकू आणि दवाखान्याचा कागद यांना बोलू द्या.

आवाज

चित्र थोडं हललं तर लोक पाहतात, आवाज कळला नाही तर उठून जातात. त्यामुळे पैसे थोडेच असतील, तर ते कॅमेऱ्याऐवजी माईकवर घाला.

इंदुरात शूटिंगला दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा पंखा नको, कूलर नको. एप्रिल-मे-जूनमध्ये कूलर बंद करून सत्तरीच्या माणसाला बंद खोलीत बसवणं हा छळ आहे, आणि कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर कुठल्याही सॉफ्टवेअरने आवाज न बिघडवता निघत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून गल्लीत येते, तिची वेळ पाहून ठेवा. बिजासनच्या बाजूला राहत असाल तर विमानंही धरा. फ्रिज बंद करा आणि बंद केल्याबरोबर घराची किंवा गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवा. किल्लीशिवाय निघता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहून जात नाही.

कॉलर माईक हनुवटीच्या साधारण वीतभर खाली, छातीच्या मधोमध लावा. टेरिकॉटचा शर्ट घासला की खरखर येते. सुती शर्ट घालायला सांगा आणि माईकच्या मागे-पुढे दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावा. तुळशीची माळ, जानवं, गळ्यातली साखळी माईकवर आपटते, तिकडे लक्ष द्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. नेहमीच्या बोलण्यात सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं ठेवा. ही पातळी शांत बोलण्यावर लावून चालत नाही: रागावणारा माणूस एका वाक्यात कितीतरी वर जातो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर (अचानक चढलेला आवाजही न फाटता नोंदवणारा) असेल तर ही चिंता बरीच कमी होते. नाहीतर तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर आणखी १२ डेसिबल खाली ठेवून घ्या.

नव्या फ्लॅटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा भिंतींना गाद्या उभ्या करा, जमिनीवर गोधड्या टाका. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना तसंच बसवून खोलीचा निव्वळ आवाज एक मिनिट घ्या. एडिटिंगमध्ये वाक्यांच्या मधल्या फटी त्यानेच भरतात.

चित्राबद्दल थोडक्यात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश. फोन जसा येतो तसा ३० फ्रेमवर ठेवला, तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, फोकस लॉक करा. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप हे सगळं देतं. फोनच्या मुख्य लेन्सने जवळून चेहरा घेतला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पट लेन्स वापरून दीड-दोन मीटर लांब बसा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. वरून पाहणारा कॅमेरा माणसाला आरोपी करून टाकतो. सेकंदाला शंभर मेगाबिटवर तासाला ४५ जीबी जागा लागते. रोज रात्री तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात.

विचारायचं काय

बाबांसमोर सगळं कुटुंब रांगेत बसवू नका, त्याचं न्यायालय होतं. खुर्चीमागे आजी-आजोबांचा हार घातलेला फोटो नको, दार पाठीमागे नको. माणूस हाताने काही करत असताना सर्वांत मोकळा बोलतो: सायकलची चेन बसवताना, भुईमुगाच्या शेंगा फोडताना, रेडिओ उघडून बसलेला असताना. मिलमधल्या माणसाला आधी त्याचं काम दाखवायला लावा. साचा कसा चालायचा, तुटलेला धागा कसा जोडायचा, बदली कामगाराला काम कसं मिळायचं, जॉबर म्हणजे मुकादम कसा वागायचा. हात आपोआप हवेत ती हालचाल करतात. ते जवळून आणि भरपूर घ्या, कारण या फिल्ममध्ये बाबांना स्वतःचा अभिमान वाटेल अशी जागा इतर कुठे मिळेलच असं नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) निघायच्या, त्यात त्यांनी काय केलं होतं, हेही इथेच विचारा.

‘का’ने सुरू होणारा प्रश्न पहिल्या दिवशी नको. ‘तुम्ही का प्यायला लागलात?’ याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं, कारण ते त्यांनी स्वतःलाच हजारदा दिलेलं असतं. त्याऐवजी असं विचारा: ‘बाबा, पहिल्या पाळीचा भोंगा किती वाजता व्हायचा? घरातून कधी निघायचात? पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने परत यायचात? वाटेत कोण भेटायचं?’ चौथ्या प्रश्नाशी आपण गुत्त्याच्या दाराशी आलेलो असतो, कोणी ढकलत न नेता.

आईची मुलाखत वेगळी, बाबा घरी नसताना, शक्यतो दुसऱ्याच घरात घ्या. मावशीकडे बसली तर ती वेगळी बोलते. तिलाही भावना विचारू नका, हिशेब विचारा: ‘आई, त्या महिन्यात दुधाचे पैसे कुठून दिलेस? बांगड्या गहाण टाकायला तू गेलीस की कोणाला पाठवलंस? आम्हाला काय सांगितलं होतंस?’ उत्तर संपल्यावर पाच-सात सेकंद काही बोलू नका. बरीच महत्त्वाची वाक्यं त्या शांततेनंतर येतात. एका बैठकीला दीड तास पुरे, मग चहा आणि त्या दिवसापुरतं बंद.

आमच्याकडे माणसं मराठीत सुरू होऊन मिलवर आली की हिंदीत शिरतात, रागात तर नक्कीच, आणि मधेच माळवी म्हण टाकतात. त्यांना टोकू नका. त्रास पुढे टंकलेखनात होतो: आपोआप मजकूर करणारी सॉफ्टवेअर्स एक भाषा गृहीत धरतात आणि दुसरीची वाक्यं मोडून टाकतात. तीच फाइल एकदा मराठी, एकदा हिंदी लावून चालवा, मग दोन्ही समोर ठेवून हाताने दुरुस्त करा. कंटाळवाणं काम आहे, पण याच वेळी फिल्म खरोखर कळायला लागते.

कापताना

दुरुस्त केलेला मजकूर टाइमकोडसह (वाक्य फुटेजमध्ये कोणत्या मिनिट-सेकंदाला आहे त्या आकड्यासह) छापा, प्रत्येक माणसाला एक रंग द्या, कात्रीने तुकडे करा आणि ते तीन रकान्यांच्या त्या पहिल्या कागदावर लावा. एकाच रात्रीची आईची, बाबांची आणि मोठ्या दादाची आठवण वेगळी निघेल. त्या तिन्ही शेजारी ठेवा आणि निवेदनातून निकाल देऊ नका. एखाद्या आरोपाला दुसऱ्या माणसाचा किंवा कागदाचा आधार नसेल, तर तो त्या व्यक्तीच्या तोंडीच राहू द्या; तुमच्या आवाजात आला की तो निर्विवाद सत्य म्हणून ऐकला जातो.

सर्वांत वाईट प्रसंगाने सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन मिनिटांत मारहाण ऐकली की प्रेक्षकाने माणूस ठरवून टाकलेला असतो, मग साच्यावरचे हात दाखवून उपयोग नाही. फिल्मचा साधारण एक तृतीयांश भाग झाल्यावर तो प्रसंग यावा. नट घेऊन तो परत घडवू नका. कडी, जिना, सायकल, रात्रीच्या ओसरीचा आवाज एवढ्यावर ते उभं राहतं. थरथरत्या हातांचा, हलणाऱ्या ग्लासचा क्लोजअप शोभेसाठी वापरू नका.

घरच्या फिल्मला २५ ते ४० मिनिटं भरपूर होतात. निवेदन सर्वांत शेवटी लिहा, मिनिटाला शंभरेक शब्दांच्या वेगाने वाचा, आणि अर्ध्या तासाच्या फिल्ममध्ये ते पाच-सहा मिनिटांपलीकडे नेऊ नका. देवनागरी सबटायटलमध्ये जोडाक्षरं फुटत असतील, तर प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि नोटो सान्स किंवा मुक्तासारखा फॉन्ट घ्या.

कायद्याचं थोडं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा आणि लग्नाच्या अल्बमचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. पत्राचं तसं नाही: कागद तुमच्या हातात असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांचा. काकांनी लिहिलेलं पत्र वाचून दाखवायचं असेल, तर चुलतभावाला विचारा. मृत माणसाबद्दल, जवळच्यांची मनं दुखावण्याच्या हेतूने केलेलं विधानही भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामी ठरू शकतं. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. २०१७ च्या कायद्यात हे स्पष्ट आहे. मागे वाजणारं रेडिओवरचं गाणं फिल्ममध्ये राहिलं की त्याचे हक्क घ्यावे लागतात, म्हणून शूटिंगच्या वेळी रेडिओ-टीव्ही बंद. सभागृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं.

दाखवायचा क्रम

रफ कट आधी आईला, एकटीला. तिने ‘हे काढ’ म्हटलेलं काढायचं, वाद न घालता. मग बाबांना, तेही एकटे, स्थिर वेळेत, शेजारी तुम्ही. नंतर भावंडं, आणि सर्वांत शेवटी आत्या-काका. सगळ्यांना दिवाणखान्यात एकदम बसवलं तर प्रत्येकजण दुसऱ्याचा चेहरा पाहतो आणि फिल्म कोणीच पाहत नाही. बाबा मधेच उठून गेले तर अडवू नका, दुसऱ्या दिवशी उरलेली पाहायची का ते विचारा. फिल्म व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. ती संध्याकाळपर्यंत ग्रुपवर फिरते आणि परत घेता येत नाही. पासवर्ड असलेली, डाउनलोड बंद केलेली लिंक द्या आणि प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचं नाव चित्रात उमटवा.

फिल्मबाहेर राहिलेलं फुटेज फिल्मच्या कितीतरी पट असतं, आणि त्यात आईने फक्त तुमच्या भरवशावर सांगितलेलं बरंच असतं. तिची मुलाखत वेगळ्या ड्राइव्हवर, कुलूपबंद ठेवा. ती कोणी पाहायची, केव्हा पुसायची आणि तिच्या माघारी कोणाकडे राहील, हे तिला विचारून तिच्याच संमतीपत्राच्या मागच्या बाजूला लिहून, तारीख घालून सही घ्या.